पाणसळ

हॉलची फरशी पूर्वेकडं उतरती,
छत पश्चिमेकडं.
एम.एफ.ए.चे आम्ही आठ जण, चित्रं चाळीस,
आणि एक सगळ्यांनी मिळून काढलेलं, अठरा फुटी,
ज्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.
उद्या अकराला उद्घाटन.

पत्रिकेत नावं कोणत्या क्रमानं
यावर मंगळवारपासून भांडण.
शेवटी जसविंदर म्हणाला, गोल छापा.
छापली गोल.
आता उज्मा उलटी आणि मी आडवा.

सर म्हणाले, डोळ्यानं लावा,
चित्रकाराला डोळा असतो.
डोळ्यांच्या आठ जोड्या, आठ सरळ रेषा.
बालाजीची तर थेट
आसना नदीला जाऊन मिळायली होती.

मग गंगासागरनं वडलांना फोन लावला.
कंधारहून शेवटच्या एस्टीनं आले,
खांद्यावर प्लास्टिकच्या नळीचं वेटोळं,
त्यावर कुठल्या कुठल्या घरांचं सिमेंट.
नळाचं पाणी भरलं,
टिचक्या मारून बुडबुडे काढले,
एक टोक माझ्या हातात दिलं.
"हलू नका, सायेब."
पाणी वर गेलं, खाली आलं,
दमलं,
थांबलं.
"मारा खूण."

असे आम्ही भिंतभर सरकत गेलो.
नांदेड झोपलं. चहावालाही गेला.
चित्रांकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही
असं मला वाटलं.
गंगासागरच्या कॅनव्हासपाशी आलो:
एक घमेलं, कडेवर बाईची चार बोटं,
नखांत चुना.
ते पार तिकडच्या टोकाला, खांबाआड.
त्यांचा हात मला दिसत नव्हता.
माझ्या टोकातलं पाणी हाललं.
बराच वेळ हालत राहिलं.
मी खूण मारली नाही,
त्यांनीही मागितली नाही.

सकाळी सगळी चित्रं पाण्यात सरळ,
म्हणून वाकडी दिसायली.
पाहुणे माना कलवून बघायले.
उद्घाटक म्हणाले, छानच, फक्त
डावीकडनं जरा उचला.
आम्ही आठही जण एकदम म्हणालो, नाही.
आणि एकमेकांकडं बघितलं.

वडील पहाटेच्याच गाडीनं गेले होते, स्लॅब होता.
अभिप्रायाच्या वहीचं पहिलं पान
आम्हाला दुपारी सापडलं.
कानावरच्या पेन्सिलीनं लिहिलेलं,
तिरपं, रेघ सोडून:
५ फूट २ इंच.
पाणसळीत हाय.