एका खुणेवर

मेल पहाटे तीन अठ्ठावीसला आलेला.
मी पाहिला सकाळी, दुकानाचं शटर अर्धं वर असताना,
एका हातात कुलूप.
'डिस्क निकामी झाली. बॅकअप त्याच रॅकमध्ये होता.
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'
खाली : तीन महिने होस्टिंग मोफत.

नऊ वर्षं. तीनशे बारा खुणा.
देवबागच्या, निवतीच्या तांडेलांनी सांगितलेल्या :
अमक्या डोंगराचं नाक देवळाच्या कळसावर आलं
आणि दीपगृह खडपाआड गेलं
की जाळं सोडायचं, तिथे सरंगा.
मी झेरॉक्सवाली. होडीत बसले की ओकते.
पण ऐकून लिहायला काय जातंय,
म्हणून लिहीत गेले, आवाज भरत गेले,
आणि सगळं नेऊन ठेवलं
कधी न पाहिलेल्या गावातल्या
कधी न पाहिलेल्या कपाटात.

अकरा वेळा फोन. प्रत्येक वेळी आधी सनई.
शेवटी एक मुलगा, शोएब नाव सांगितलं,
त्याला खरंच वाईट वाटलं असावं. म्हणाला,
मॅडम, तुमच्याकडे कॉपी असेलच ना?
होती. जुन्या लॅपटॉपात,
जो वादळाच्या वर्षी पाण्यात गेला.
नवी करायची उद्यावर राहिली.

डोमेन अजून माझ्या नावावर आहे.
पत्ता टाकला की पांढरं पान उघडतं.
माझ्या आतेभावाचे असेच बारा गुंठे आहेत
संगमाच्या अंगाला :
सातबारा स्वच्छ, वारसनोंद झालेली,
माडांची संख्यासुद्धा लिहिलेली,
आणि त्यावरून आता होड्या जातात.
तो दरवर्षी सारा भरतो.
मी हसायचे त्याला.

हौसाकाकी यायची सोमवारी,
बांगड्याची टोपली उतरवलेल्या दिवशी.
सत्तेचाळीस नंबर, तिचा नवरा, बुधाजी तारी.
चार मिनिटं बारा सेकंद,
मध्ये खोकला, मागे कोंबडा.
'लाव गो,' म्हणायची, काउंटरला टेकून उभी राहायची.
तीन सोमवार मी सांगितलं, नेट नाही.
चौथ्या सोमवारी सांगून टाकलं.

बराच वेळ काही बोलली नाही.
मी रेशनकार्डांच्या झेरॉक्स मोजत राहिले, उगाच.
मग म्हणाली,
'ह्ये सांगीत, एका खुणेर होडी रवणा नाय.
दोन व्हयीत. एक समोर, एक आडवी.
तू सगळा एकाच खुणेर ठेवलंस?'
रागाने नाही. दूध नासलं तर विचारावं तसं.

आणि सुरू झाली.
त्याच्याच शब्दांत, त्याच्याच थांबण्यात,
'खडपाच्या वरसून डोंगर उघडो पडलो काय...'
तो खोकायचा तिथे खोकली.
कोंबड्याच्या जागी गप्प राहिली,
त्याला आरवून होऊ दिलं.
मला फोनचं बटण दाबायचं सुचेपर्यंत
अर्धं होऊन गेलं होतं.
'परत सांग गो.'
'आता फुडल्या सोमारी. तांदूळ निवडूचे आसत.'

ती खूण आता पेनड्राइव्हवर आहे,
रत्नागिरीला भाचीकडे आहे,
आणि दोनशे पानी वहीत, बॉलपेनने.
चौसष्ट झाल्यात.
काहींचे धनी गेले.
काहींची पोरं जीपीएसवर जातात,
कसली खूण, विचारतात.
एक होती भेंडीच्या झाडावर.
ते झाड बंधाऱ्याच्या कामात तोडलं,
आता तिथून काहीच सापडणार नाही.
तीही लिहिली.

काल कंपनीचा मेल पुन्हा :
आपली तक्रार निकाली निघाली आहे.
पाचपैकी किती तारे द्याल?

रात्री लाइट गेलेली, पायरीवर बसले होते.
तांडेल तारेही धरायचे म्हणे खुणेला.
नऊ वर्षांत ते विचारलंच नव्हतं कुणाला.
सोमवार परवा.