क्षितिजाची उंची

निवृत्तीच्या पैशातून दुचाकी घेतली नाही.
कुडाळच्या घरात, मागच्या खोलीत,
मातेस सुताराकडून टेबल करून घेतलं बारा फुटी,
खिडकीखाली मावेल इतकं बुटकं,
आणि त्यावर अंथरली रेल्वे,
खरीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची.

रूळ विकत मिळतात. डोंगर मिळत नाहीत.

जांभ्याचा चिरा फोडला, वस्त्रगाळ केला,
खळीत कालवून चढवला जुन्या धोतरावर.
गवत काथ्याचं.
काजूची झाडं भुशाची, हिरव्यात बुडवून
पेपरावर वाळवलेली.
माड जमले नाहीत. अकरा केले, सगळे खराट्यासारखे;
बाराव्याला कोंबडीची पिसं लावली,
तो जरा वाऱ्यातला वाटला.
कटिंगवर दरड धरणारी जाळी
लसणीच्या पिशवीची.
असल्या जाळ्यांखालून चोवीस वर्षं
हातोडा घेऊन चाललोय,
कुठे सैल ठेवायची ते मला विचारा.

मग आभाळ.
आभाळाला कोपरा नसतो, हे खोलीला कळत नाही.
सनमायका वाकवून भिंतींची काटकी मोडली.
निळा थेट डब्यातला मारला
तर सरकारी दवाखाना दिसू लागला.

सावंतवाडीहून अनंत चितारी आला,
गंजिफा रंगवणारा,
तळहाताएवढ्या जगाची सवय;
बारा फूट बघून त्याने आधी चहा मागितला.
म्हणाला, दूरच्या डोंगरात हिरवा घालू नको,
लांब गेलेल्याचा आधी रंग जातो, मग आकार.
म्हणाला, तुझ्या स्टेशनची सावली
आभाळावर पडतेय, दिवा पुढे घे.
दिवा पुढे घेतला.
आभाळ मैलभर मागे सरकलं.

डाव्या टोकाला आभाळाला भोक ठेवलं,
गाडीला जायला-यायला. आड एक आंबा लावला.
पलीकडे चपलांचं कपाट आहे,
गाड्या तिथे थांबतात पुढच्या फेरीपर्यंत.

सगळं झाल्यावर शेवंती दारात आली,
हातात तांदळाचं सूप.
"आनि दर्या खंय?"

मी समजावलं. आपल्या गाडीतून
दर्या दिसत नाही गो.
डोंगर, बोगदा, खाडी, बोगदा.
खऱ्याला धरून राहायचं, नाहीतर खेळणं होईल.
ती निवतीची, गाबितांची लेक.
"बरा," म्हणाली, आणि सूप पाखडत गेली.

जुलैत आभाळाला बुरशी आली.
फडकं घेतलं तर म्हणाली,
"ऱ्हवांदेत. ढग आसत."
मी काही तेवढ्यावरून ओळखलं नाही.

श्रावणात एक डबा घसरून टेबलामागे पडला.
सरपटत बाहेर येताना कंबर धरली,
डोकं अर्ध्यावरच राहिलं,
आणि पुलाखालून, दोन खांबांच्या मधून,
रेघ.
माझ्या एकाही डब्यात नसलेला निळा.
नखाएवढी. वर पांढरा ठिपका,
होडी असेल, नाहीतर ब्रश टेकला असेल.

उभा राहिलो. पूल आड आला, गेली.
वाकलो. आली.

नियम असा, की क्षितिज आखावं
बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला.
मी माझ्या आखलेलं, पाच फूट दोन इंचांवर,
उभ्या माणसाच्या.
पट्टी लावली. हिचं दोन फूट साडेचार.
एवढ्या उंचीचं या घरात कोण आहे?
नातू अजून रांगतो, तोही पुण्यात.

स्वयंपाकघरात ती आडोळीवर बसून
बांगडे करत होती.
पट्टी घेऊन शेजारी टेकलो,
जमिनीपासून तिच्या डोळ्यापर्यंत उभी धरली.

"काय मोजतास?"

हलू नको, म्हटलं.