शेवटची फवारणी

आधी वाटलं पेनड्राइव्ह आहे.
कंपासपेटीत, कोनमापकाखाली,
जांभळा, बोटाएवढा.
लॅपटॉपला लावला.
फाइल उघडली नाही,
टोकाला हिरवा दिवा लागला फक्त.

अंबडच्या लॅबमध्ये सतरा वर्षं
मी द्राक्षांतले अवशेष मोजते आहे.
किलोभर मण्यांत मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्सा
जास्त निघाला तरी नापास लिहिते,
बागायतदार कितीही ओळखीचा असो.
कंटेनर थांबतो. फोन येतात. मी उचलत नाही.

ओजस म्हणाला, तंबाखू नाहीये गं त्यात,
नुसती वाफ असते.
वर्गात सगळ्यांकडे आहे.

नुसती.
हा शब्द घेऊन मी रात्रभर कूस बदलत होते.

शनिवारी दुपारी लॅब रिकामी झाल्यावर
चिमट्यानं तो उकलला.
आत कापूस, तारेचं वेटोळं,
पिवळसर चिकट थेंब, उन्हात ठेवलेल्या पाकासारखा.
मिथेनॉलमध्ये पातळ करून छोट्या बाटलीत भरला,
ट्रेमध्ये थॉमसन आणि शरद सीडलेसच्या
मधल्या खाचेत ठेवला.

सवयीनं फॉर्म भरायला घेतला.
पीक:
वाण: ग्रेप आइस (बाजूला असंच छापलंय)
उत्पादक: माहीत नाही
ठिकाण: गंगापूर रोड, क्लासच्या जिन्याखाली
शेवटची फवारणी:

इथे पेन थांबलं.

यंत्र अर्धा तास गुणगुणत राहिलं,
मग पडद्यावर एकेक शिखर चढू लागलं.
प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन,
इतकी उंच की बाकीची त्यांच्या पायथ्याशी.
निकोटीन. माहीत होतं,
तरी खुर्ची मागे सरकली.
बेंझोइक आम्ल, लोणच्याच्या सॉसच्या बाटल्यांवर
ज्याचं नाव वाचते ते घरगुती आम्ल;
इथे त्याचं काम एवढंच,
घशाला झोंबू नये,
पोराला ठसका लागून त्यानं थांबू नये.
एक थंडावा देणारं, त्याला धड नाव नाही,
दोन अक्षरं आणि आकडा.
तारेतलं निकेल या यंत्राला दिसत नाही.
तापल्यावर काय काय जन्मतं तेही नाही,
मी थेंब थंडच तपासला.
आई गरम करून तपासू शकली नाही, असं लिहा हवं तर.

आणि मग, मधेच,
मिथाइल अँथ्रानिलेट.
द्राक्षाचा वास.
द्राक्ष कुठेच नव्हतं.

हे रसायन मी आधीपासून ओळखते.
कुठे कुठे बागांवर ते मारतात,
मणी भरले की पाखरं बसू नयेत म्हणून.
चोचीला झोंबतं, पाखरं उडून जातात.
पाखरांना कळतं.

तो पाच वर्षांचा होता तेव्हा
डिसेंबरात मखमलाबादच्या रस्त्यानं
स्कूटरवर पुढे उभा राहायचा,
तोंडातून वाफ सोडून ओरडायचा,
बघ आई, मी इंजीन!
ती मात्र खरोखर
नुसती वाफ होती.

रिपोर्टच्या शेवटी एक रकाना असतो, मर्यादा.
यादी शोधली. युरोपची, आपली.
ज्याच्यावर बंदी आहे
त्याला मर्यादा कोण ठरवणार?
पास लिहिता येत नाही, नापासही.
सतरा वर्षांत पहिल्यांदा
मी सही न करता प्रिंट काढली.

रागावले नाही. रागावायचं ठरवलं होतं खरं.
कागदाची चार घड्यांची चौकट
कोनमापकाखाली ठेवून दिली.
बुधवार गेला, गुरुवार गेला.
जेवताना तो फोनकडे बघायचा, मी आमटीकडे.

आज सकाळी कंपासपेटी ओट्यावर होती,
उघडीच.
कागद आत तसाच, घड्या मात्र वेगळ्या पडलेल्या.
पीक, या रिकाम्या जागी काही नाही.
खाली, शेवटची फवारणी,
त्याच्यापुढे पेन्सिलीनं लिहून,
खोडून,
पुन्हा लिहिलेलं:
काल.