चुन्याला तहान लागते

सात पानांचा तपासणी-अर्ज, एक मोजपट्टी
आणि फडक्यात कळण्याची भाकरी घेऊन
धुळ्याहून निघालो. अनेरच्या काठी
केळीच्या बागा संपतात तिथं सराई आहे.
म्हणजे होती.
मग गावानं तिचे दगड नेले,
गोठ्याला, ओट्याला, पाटाच्या मोरीला,
कोणी रात्री, कोणी दिवसाढवळ्या गाडीनं.
आता पुन्हा आहे.

कमरेच्या उंचीवर भिंतीतून
तांबड्या विटेची एक रेघ फिरते.
रेघेखालचं जुनं, रेघेवरचं आपलं,
बांधणाऱ्यांनी दिलेली कबुली.
राखणदार झिपरू हसला तेव्हा दिसलं,
तोंडात त्याच्याही तशीच रेघ :
वरची पंगत शिबिरातली,
खालची स्वतःची.

निसार बेलदारानं इथं दोन उन्हाळे घाणा फिरवला.
चुना, वाळू, विटांची भुकटी,
बेलाचा गर, मेथीचं पाणी, गूळ,
आणि उडदाचं पीठ तर इतकं
की त्या साली गावात पापड झाले नाहीत,
असं बाया अजून सांगतात.
उद्घाटनाला पाटी बसली. पाटीवर अकरा नावं,
त्यात निसार नाही.
पाटी सिमेंटात बसवली होती.
भिंत पहिल्यांदा फुगली ती तिच्याच भोवती.

माझ्या अर्जात रकाने आहेत.
तिकिटं, मागच्या महिन्यात : एकवीस.
(त्यातली चौदा एका वऱ्हाडाची,
गाडी पंक्चर झाली होती म्हणून.)
दिवे बारा. चालू शून्य. जागेवर तीन.
इतिहास सांगणारा कर्णा :
आत साळुंकीचं घरटं, पिल्लं दोन.
राखणदाराचा पगार : आठ महिने.
‘मिळाला’ की ‘थकला’ ते रकान्यात मावत नाही.
शेवटचा प्रश्न ठळक अक्षरात :
वास्तू स्वतःच्या उत्पन्नावर टिकेल काय?
होय / नाही. लागू नसेल ते खोडा.

दुपारी तीनला, पाऱ्याकडे बघवत नव्हतं तेव्हा,
झिपरू कमानीवर चढून
काल भरलेल्या सांध्यांवरचं गोणपाट भिजवत होता.
‘चुना जित्ता शे भाऊ. त्याले तीस लागस.’
नळ तर कापलाय, मी म्हटलं. पाणी कुठलं?
तो गोणपाटच नीट करत राहिला.

परतीची बस चुकली, की मी चुकवली.
अंधार पडल्यावर केळीचे ट्रक आले,
मागच्या वाटेनं, दिवे मंद करून.
एक मुरैनाचा, दोन जालंधरकडचे.
प्रत्येकानं आधी एक पिंप उतरवलं, भरलेलं,
मग पथारी.
सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारे तांडे
ज्या ओवऱ्यांत बैल सोडून पाठ टेकत असतील
तिथं स्टोव्ह फुरफुरला, कोणी कांदा चिरला,
कोणी मोबाईलवर लेकीला झोपवलं.
झिपरू माझ्याकडे बघत नव्हता.
‘लिखशात का?’ एवढंच.

अनधिकृत मुक्काम, असा शब्द आहे आमच्याकडे.
त्याखाली दंडाची कलमंही आहेत.
मी भाकरीचा अर्धा तुकडा
मुरैनावाल्याला दिला, त्यानं लोणचं दिलं.
दगड दिवसाचं ऊन पाठीला परत देत होता,
जुना तसाच, नवाही तसाच.

पहाटे जाग आली ती खरवडण्यानं.
झिपरू सांध्यांतले पिंपळ उपटत होता,
बोटाएवढे, दोन-दोन पानांचे.
मुळं आतच तुटतात, ती पुन्हा येतील.
‘एक पावसाया गया का त्याना खांब व्हस.’

अर्ज काढला. आधी ‘होय’ खोडलं.
मग ‘नाही’ही खोडलं.
साहेब विचारतील, तेव्हा बघू.
निघताना दहा रुपये पुढं केले.
झिपरूनं पावतीपुस्तक झटकलं,
कार्बन उलटा लागलाय का पाहिलं,
आणि लिहिलं :
बावीस.