हा नव्हे

राजधानीहून दोन रात्रींच्या बसनं तो आला,
ड्रायव्हरच्या मेंढीकातड्याच्या कोटात गुंडाळलेला.
बाहेर उणे एकतीस.
खोंगोरझूल म्हणाली, आज नाही लावायचा, आजोबा,
आतून घाम फुटतो यंत्राला. उद्या.

नेरगुइला हे पटलं.
थंडीतून आलेल्या माणसालाही कोणी
उंबऱ्यातच प्रश्न विचारत नाही.
खोकं त्यानं चुलीपासून चार हात लांब ठेवलं,
खारा चहा ओतला,
आणि सवयीनं दुसराही वाडगा भरला.

दुसऱ्या दिवशी तिनं पेनड्राइव्ह खोचला.
भाषांची यादी वर सरकू लागली, भरभर,
पोरीचं बोट मंगोलच्या पुढे निघून गेलं
तसा तो ओरडला, मागे, मागे!
सुटलेली बस थांबवावी तसा.

मग नकाशा. कुठे राहता?
मंगोलियात घड्याळं दोन:
एक राजधानीचं, एक इकडचं, हॉव्दचं, तासभर मागे.
त्या एका तासात मुलगा तिकडे झोपलेला असतो
आणि इकडे त्याच्या फोनची वाट बघणं
अजून संपलेलं नसतं.
त्यानं हॉव्दवर बोट ठेवलं. टिंब हललं.

डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?
काय आहे तिच्यावर?
काही नाही, आजोबा. कोरी आहे.
मग विचारतोय कशाला?
पोरीकडे उत्तर नव्हतं. तिनं 'हो' दाबलं.

तुमचं नाव?
नेरगुइ. म्हणजे बिननावाचा.
दोन मुलगे वर्षाच्या आत गेले
तेव्हा तिसऱ्याला आईनं हे नाव दिलं,
की पुसायला येणाऱ्यानं दारातून विचारावं, कोण आहे आत?
आणि तिनं सांगावं, कोणी नाही.
आपल्याकडे धोंडू ठेवतात, केरू ठेवतात, तसंच.
अडुसष्ट वर्षं पचलंय हे खोटं.
त्यातली चाळीस हवामान केंद्रावर,
दर तीन तासांनी पारा वाचायचा, वहीत उतरवायचा,
खाली सही: बिननावाचा.

यंत्राचं नाव?
यंत्रानंच एक सुचवलं होतं, अक्षरं आणि आकडे.
असू दे, ती म्हणाली.
पट्टी भरू लागली. वीस. चाळीस.
एकसष्टवर वीज गेली,
अख्ख्या गल्लीची.

अंधारात तो तिला एका हिवाळ्याचं सांगत बसला,
उणे सेहेचाळीसचं. दौतीत शाई गोठली,
शिसपेन्सिलीनं लिहिलं ते पान
अजून पेटीत आहे, एकेचाळीस वह्यांच्या खाली कुठेतरी.
त्यांच्यासाठीच तर हा आणला.
उंदीर आता वाचायला लागलेत त्या, तो म्हणाला.

वीज आली. सगळं पहिल्यापासून.
भाषा, नकाशा, पुसू का, नाव,
या वेळी प्रश्नाआधी त्याची उत्तरं.
मग यंत्राच्या नावापाशी
त्यानं पोरीचा हात धरला. थांब.
आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, लिहिलं:
एनेबिश.

खोंगोरझूल इतकी हसली की चहा सांडला.
तिच्या चुलतआजोबांचं नाव तेच होतं,
'हा नव्हे'.
दारात कोणी येऊन विचारलं, हाच का तो,
तर घरानं काय म्हणायचं ते आधीच ठरलेलं.

एकसष्ट.
दोघंही बोलेनात. चुलीत शेणी ढासळली.
बासष्ट.

पडदा उजळला, कोरा, डोंगराचं चित्र असलेला,
कुठल्या देशातला डोंगर कोण जाणे.
ती त्याला खेळ दाखवणार होती.
तो खिडकीशी गेला, काचेवरचा बर्फ नखानं खरवडला,
बाहेरचा पारा वाचला,
परत येऊन लिहिलं: उणे एकोणतीस.
तारीख तिनं घातली.

मग कोट झटकून त्याची नीट घडी केली.
गुरुवारच्या बसला तो परत द्यायचा होता.