मिठाला जागलेला दिवा

उयुनीच्या मीठवाळवंटाच्या काठावर आमची शाळा.
भिंतीसुद्धा मिठाच्या विटांच्या.
जुलैतली हवा इतकी कोरडी
की ओठ आणि खडू एकाच आवाजात मोडतात.

इलारियोने लामाच्या लोकरीचा स्वेटर
डोक्यावरून ओढून काढला, चटचट ठिणग्या उडाल्या.
त्याचे केस उभे,
वर्ग हसून आडवा.
"प्रोफे, मामा म्हणतात,
कातरलेल्या लामाचा राग लोकरीत राहतो."

मी म्हटलं, राग नाही, उसनवारी.
घासल्याने नवं काही जन्मत नाही,
एकाकडचं थोडं दुसऱ्याकडे जातं, एवढंच.
ज्याला मिळालं, तो ऋण.
ज्याचं गेलं, तो धन.

"उलटं झालं ना हे?" सेनोबिया.
ती काहीही सहज मान्य करत नाही.
उलटंच आहे बाई.
नावं ठेवणाऱ्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं
कोण कुठून कुठे जातंय.
पण बघ ना,
ज्याला मिळतं, तोच तर ऋणी होतो.

तिने वहीत लिहून घेतलं
आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
मग कंगवा बाहीवर घासून
किन्वाच्या कोंड्यावर धरला.
कोंड्याने उडी मारली.
प्रश्नचिन्ह तिने तरीही खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरी आणली.
बंद पडलेल्या रेडिओतली, चौकोनी, नऊ व्होल्टची,
जिभेला लावू नका म्हणून सांगितलेली.
तिघांनी लावली.
हरभऱ्याएवढा एक लाल दिवा,
त्याच्या एका पायाला रोधक:
दारावरचा खडूस शिपाई,
गर्दी एकदम आत सोडत नाही.

एक तार जोडली. अंधार.
"जायला एक तार पुरे की, प्रोफे!"

मग मी त्यांना त्यांच्याच पणजोबांचं सांगितलं.
लामांच्या पाठीवरून मीठ खोऱ्यात उतरायचं,
त्याच पाठींवरून मका वर चढायचा.
परतीची वाट नसती
तर पहिलं पाऊलही कोणी टाकलं नसतं.
जाणं आणि येणं मिळून जी एक वाट होते
तिला म्हणायचं परिपथ.

इलारियो बाकाकडे बघत म्हणाला,
"माझा भाऊ कालामाच्या खाणीत गेलाय.
दोन वर्षं झाली."

फळ्यावरचं माझं वर्तुळ
एका जागी तुटकं होतं,
तिथे स्विच काढायचा राहिला होता.
मी खडू उचलला. ठेवला.

आणि तार तर खरोखरच कमी पडली,
चार बोटं.
मधे लोकरीचा धागा लावून पाहिला: नाही.
खडू: नाही.
सेनोबियाने भिंतीतून मिठाचा खडा नखाने उकरला,
छाती पुढे काढून लावला.
नाही.

ती खड्यावर रागावली.
बाटलीच्या प्लास्टिकच्या झाकणात घोटभर पाणी ओतलं,
खडा त्यात बुडवला, करंगळीने ढवळला,
तारांची दोन टोकं आत सोडली,
एकमेकींना न टेकवता.
एका टोकाशी बारीक बुडबुडे आले.

"खिडकी झाका! खिडकी!"
इलारियोने तोच स्वेटर काचेवर धरला.

लाल.
अगदी मंद, लाजल्यासारखा,
पण लाल.

कोरड्या खड्यात मिठाचे कण
एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात,
पाण्यात हात सुटतात, पाय फुटतात,
असं मी सांगत होते.
कोणी ऐकत नव्हतं.
"मीठ झोपलं होतं," सेनोबिया म्हणाली,
"आता जागलं."
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात, हे ऐकून होते.
मीठ जागलेलं पहिल्यांदा पाहिलं.

इलारियोने खिडकीपासून मान वळवून विचारलं,
"तार काढली आणि खूप दिवसांनी परत लावली
तरी लागेल?"

मी म्हटलं, लावून बघ.

स्वेटर दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन तो आला.
काढली. लावली.
काढली. बराच वेळ थांबला. लावली.

घंटा देण्याचं काम माझं होतं,
पण माझ्या लक्षात राहिलं नाही.