तासाभराचा फरक

प्रसूतिकक्षातून तिसऱ्यांदा फोन.
एल्सिरा बारिया ओरडत नाही, हळू बोलते,
आणि तेच जास्त लागतं:
"दोन मिनिटांत स्क्रीन लॉक होतो.
हात रक्तात असताना पासवर्ड कशाने टाकू, कोपराने?"

मी पंधरा मिनिटं दिली होती. सोमवारीच.
पॉलिसी लिहिली, जोडली, कक्षाचं नाव दोनदा वाचलं.
शस्त्रक्रियेला पोचली, क्ष-किरणला पोचली,
शवागारातल्या कॉम्प्युटरलासुद्धा पंधरा मिनिटं मिळाली,
जिथे कुणालाच घाई नाही.

पुंता अरेनासमध्ये मे महिन्यात
सव्वानऊशिवाय उजाडत नाही.
सामुद्रधुनीवरचा वारा तळघराच्या झडपेत शिट्टी घालतो
आणि मी रिपोर्ट काढत बसते:
कुठला नियम लागला, कुठला गळला,
कुणी कुणाला दाबलं.
वरचं खाली झिरपतं. खालचा शेवटी बोलतो म्हणून त्याचं खरं होतं,
पण वरच्याने सक्तीची खूण केली असेल
तर खालच्याने गप्प बसायचं.
आमच्या जेवणाच्या टेबलावरही हेच चालायचं,
बाबा आणि थोरला भाऊ, मध्ये उकडलेले बटाटे.

वारसा कुणी अडवलाय? नाही.
गाळणीत नाव अडकलंय? नाही.
केबल बदलली.
बंद करून चालू केलं, त्याची मला लाज नाही.
'सगळं पुन्हा वाच' असा हुकूम दिला
आणि त्या कॉम्प्युटरने सर्व्हरच्या दारावरून परत येऊन सांगितलं:
ओळख पटली नाही.

दारावर ओळख का पटत नाही?
नाव तेच. किल्ली तीच.
मग नोंदींच्या तळाशी एक लाल ओळ:
तुमची वेळ आमच्या वेळेशी जुळत नाही.

पाच मिनिटांचा फरक सर्व्हर पोटात घालतो.
हा अख्खा तास होता.
प्रसूतिकक्ष तासभर पुढे,
बाकी सगळं हॉस्पिटल अजून मागे.

जिना चढून वर गेले.
"हो, मीच केलं," एल्सिरा म्हणाली.
मार्चमध्ये कॉम्प्युटर सॅन्टियागोच्या गोदामातून आला तेव्हा ठीक होता.
एप्रिलमध्ये राजधानीने काटे मागे घेतले, आपण घेतले नाहीत,
पण त्या खोक्याला कुणी सांगितलं नव्हतं
की तो आता दक्षिणेत राहतो.
"बारा वाजून दहा मिनिटांनी झालेलं मूल
तो अकरा दहाचं दाखवायचा. म्हणजे आदल्या दिवसाचं.
मी काटा पुढे केला. जन्माचा दाखला माझ्या सहीने जातो, तुझ्या नाही."

काय बोलणार.
तिची वेळ बरोबर होती. खालचा हिशेब चुकला होता.

पण घड्याळाला हात लावायची मुभा तिला दिली कुणी?
शोधलं. अकरा नियमांखाली दबलेला एक अपवाद,
फक्त तिच्या कक्षासाठी, वेळ जुळवणारी सेवाही बंद केलेली,
आणि टिपणाच्या चौकटीत, स्पेलिंगच्या चुकीसकट:
'प्रसूती. काढू नका. कारण त्यांना माहीत आहे. रा. ओयार्सो.'
रादोमिरो ओयार्सो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला,
पोर्वेनीरला मेंढ्या पाळतो, फोन उचलत नाही.
किती शिव्या घातल्या होत्या मी त्याच्या अपवादांना!

विभाग बदलला: सॅन्टियागो काढून मागायानेस.
काटा मागे घेतला, आकडे तेच राहिले.
एल्सिराला हे पटेना. मलाही समजावता येईना.
पुन्हा हुकूम. दार उघडलं.
पंधरा मिनिटं आली.

अपवादावर उजवी क्लिक केली,
'काढून टाका' वर बाण नेला.
चहा गार होईस्तोवर तिथेच ठेवला.
मग त्याच्या टिपणाखाली माझी तारीख लिहिली
आणि खिडकी बंद केली.

निघताना पाहिलं: एल्सिरा स्क्रीनवरची वेळ वाचत होती,
मग मान खाली घालून
एप्रनला उलटं टाचलेलं घड्याळ,
जे कुठल्याच डोमेनमध्ये नाही.